व्हायकिंगांशी सोयरीक: काही निरीक्षणे

दोन जमातींत सोयरीक व्हावी असं माणसाला मनापासून वाटतं. अट एवढीच की त्या जमाती पुरेशा लांब असाव्यात. हे अंतर मोजता येतं. इंग्लंडातले सॅक्सन आणि त्यांच्यावर होड्यांतून धाड घालणारे व्हायकिंग हे दौंड तालुक्यातल्या भांडगावापासून सुमारे सात हजार किलोमीटर आणि अकराशे वर्षं दूर आहेत. एवढ्या अंतरावर माणूस फार उदार होतो. छत्तीस किलोमीटरवर काय होतं, ते पुढे येईलच.

प्रयोगाची माहिती अशी. रांजणगावच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत अनिता नावाची केमिस्ट आहे. माझं टेबल तिच्या शेजारी. आठवडाभर आम्ही शिक्रापूरला एका खोलीत राहतो (खिडकी एक, ट्रक अगणित) आणि शनिवारी ती भांडगावला घरी जाते. तिला त्याच कारखान्यातल्या मेंटेनन्सच्या मल्हारशी लग्न करायचं होतं. मल्हार भीमेच्या पलीकडचा, शिरूर तालुक्यातला. लग्न करायचं तर वडिलांनी हो म्हटल्यावरच, असा तिचा हट्ट होता. पळून जाण्याची पद्धत तिला अस्वच्छ वाटे. (आडनावं इथे दिलेली नाहीत. त्यांचा विषयाशी संबंध नाही.)

अनिताचे वडील पोपटराव म्हणजे दूध सोसायटीचे माजी चेअरमन. चेअरमनपद गेल्यापासून त्यांना मोबाइलवर कादंबऱ्या ऐकायची सवय लागली आहे. अनिताने या सवयीचा अभ्यास केला आणि ‘भीमाकाठची’ या टोपणनावाने त्याच ॲपवर एक ऐतिहासिक प्रेमकथा सुरू केली: ‘समुद्रापल्याडचे पाहुणे’. लिंक तिनेच, वर ‘फॉरवर्डेड’ असा शिक्का येईल अशा बेताने, घरच्या ग्रुपवर टाकली. कथा साधी होती. सॅक्सन सरदार एडगर युद्ध थांबावं म्हणून आपली मुलगी एडिथ रोल्फ नावाच्या व्हायकिंगाला द्यायचं ठरवतो. रोल्फने आदल्याच वर्षी तिचं गाव जाळलेलं असतं. बाकी स्थळ चांगलं असतं.

पद्धत आम्हाला रोजच्या कामातून माहीत होती. ब्युरेटच्या नळीतून द्रावण थेंब थेंब सोडायचं, चंचुपात्र हलवत राहायचं, आणि रंग बदलला की थांबायचं. एकदम ओतलं तर सगळं वाया जातं. अनिता दर बुधवारी एक भाग सोडत होती.

वाचकवर्ग अपेक्षेपेक्षा मोठा निघाला आणि अपेक्षेइतकाच चौकस. चाळिसाव्या भागापर्यंत एकूण २,३१६ प्रतिक्रिया आल्या. मी त्यांचं वर्गीकरण केलं. मुलाला जमीन किती: ९०७. पुढचा भाग कधी: ६४४. लग्नाच्या जेवणात काय: ४१२. ‘खूप छान’: ३१५. एडिथच्या मनात काय आहे: ३८. धर्म वेगळा, भाषा वेगळी, देव वेगळे म्हणून हरकत: शून्य. मी हा आकडा तीनदा तपासला.

वाचकांच्या आग्रहापुढे इतिहासाला थोडं सरकावं लागलं. रोल्फला खाडीकाठी चाळीस एकर मिळाले, पाणी बारमाही. ‘मुलीचा मामा कुठे आहे?’ अशी विचारणा वाढल्यावर एकविसाव्या भागात एथेलरेडमामा दाखल झाले आणि बाविसाव्यात रुसले. तहाची बोलणी हळूहळू बैठकीसारखी दिसू लागली: एका बाजूला व्हायकिंग, एका बाजूला सॅक्सन, मध्ये पानाचं तबक.

पोपटराव बोलून टाइप करत. त्यांच्या प्रतिक्रिया मी कालक्रमाने देते.

भाग १२: “लुटारू लोक हायेत. पोरगी देऊ नये.”

भाग १९: “रोल्फ कामाचा दिसतोय. होडी सोता दुरुस्त करतो.” (मल्हार कॉम्प्रेसर दुरुस्त करतो.)

भाग २७: “देव निराळा आसंना का. देवाला मानतोय ना, झालं.”

भाग ३३: “सरदारानं भावकीचं ऐकू नये. भावकी जेवून जाती, नांदायचं पोरीला आसतंय.”

भाग ४०: “जातपात काय घेऊन बसलाय. म्या बाप आसतो तर हसत दिली आसती. ए, मोटर बंद कर.” (शेवटचं वाक्य सॅक्सनांना उद्देशून नसावं.)

रंग बदलला होता. अनिताने स्क्रीनशॉट काढला आणि शनिवारी भांडगावची बस धरली. उशीर करून चालणार नव्हतं, कारण महिनाअखेरच्या रविवारी एक स्थळ येणार होतं (एकर सात, विहिरी दोन, मुलगा एक).

पुढचं अनिताने मला सांगितलं, तसंच देते. पोपटराव ओट्यावर चहा घेत होते.

“आप्पा, मला लग्न करायचंय. मल्हार म्हणून आहे, कंपनीतला.”

“कुनाचा?”

“म्हस्कूआबांचा. भीमेपलीकडचे.”

पोपटरावांनी पुढचा प्रश्न विचारला. तो कोणता, हे सांगायला नको. अनिताने एका शब्दात उत्तर दिलं. चहावर साय धरली.

“न्हाई,” पोपटराव म्हणाले.

“चाळिसाव्या भागावर तुम्हीच लिवलंय की, जातपात काय घेऊन बसलाय.”

“ते येगळं.”

“कसं वेगळं? त्यानं तर तिचं गाव जाळलंय, आप्पा. मल्हारनं कुणाचा गोठासुदिक जाळला न्हाई.”

“आगं, त्ये व्हायकिंग हायेत! भावकीत कुनाला म्हायती हायेत व्हायकिंग? कुठं दिली म्हनून इचारलं तर सांगता तरी येतंय. म्हस्कूला समदा तालुका वळखतो.”

अनिताची आई सोजराबाई भांडी विसळत होती. “त्या गोऱ्या पोरीपायी सा म्हयनं रडताय,” ती न वळता म्हणाली, “डोळं पुसाया माझा पदर घेताय. आन् ही पोटची उभी हाय म्होरं, तर दोन टिपं न्हाईत व्हय?”

“तू गप. तुला त्यातलं काय कळतंय?”

तेव्हा अनिताने दुसरं पात्र पुढे सरकवलं. ‘भीमाकाठची’ म्हणजे आपणच, हे तिने सांगितलं. (लेखक कुणीतरी पिकल्या केसांचा, जग पाहिलेला माणूस असणार, अशी पोपटरावांची खात्री होती.) एक्केचाळिसावा भाग बुधवारी येईल, ती म्हणाली. रोल्फ मोकळ्या हातांनी सरदाराच्या दारात येऊन उभा राहतो आणि दार बंद असतं. “बेचाळिसावा मी लिहिणार न्हाई. दार तुमचं हाय.”

एक्केचाळिसावा भाग आला आणि कथा थांबली. पहिल्या आठवड्यात १,१४० प्रतिक्रिया आल्या. एकही सरदाराच्या बाजूने नव्हती.

हा काळ पोपटरावांना जड गेला. सकाळी दूध घालायला डेअरीवर जावं, तर तिथे चर्चा सरदाराचीच. हौसराव हे त्यांचे जुने मित्र आणि माजी व्हाइस चेअरमन.

“चेअरमन, त्या सरदाराच्या कानाखाली द्याया पायजे,” हौसराव म्हणाले. “पोरगं तीन आठवडं दारात हुभं हाय, आन् ह्यो आत बसलाय.”

“तीन कुठलं? दहा दिस झालं.”

“दहा तर दहा! थंडीचा मुलूख हाय त्यो.”

“आसंल त्याची कायतरी आडचन.”

“कसली आडचन? भावकीला भितंय बेनं.”

पोपटरावांनी किटली उचलली आणि भाव ठरवणारं दुधाचं फॅट न पाहताच घरी आले. फॅट न पाहता परतण्याची ही एकतीस वर्षांतली पहिली नोंद, असं सोजराबाईचं म्हणणं आहे.

सतराव्या दिवशी त्यांनी स्थळाला निरोप धाडला (“पोरीला ताप हाय”), पांढरा सदरा घातला आणि मोटरसायकलवर भीमेचा पूल ओलांडला. अंतर छत्तीस किलोमीटर. वेळ पावणेतीन तास, कारण पुलाच्या अलीकडे ते दोनदा मागे फिरले होते.

म्हस्कूआबा अंगणात खाटेवर बसले होते. सगळं ऐकून घेऊन म्हणाले, “आवो, पन आमची भावकी काय म्हनंल?”

पोपटरावांना हा प्रश्न आपलाच आहे असं वाटत आलं होतं. तो दुसऱ्याच्या तोंडून ऐकून त्यांना आधी राग आला, मग हसू. मल्हारची आई बानूबाई भाकरी घेऊन आली आणि म्हणाली, “दोगंबी भावकीलाच इचारा मग. पोरं र्‍हाऊ द्या तशीच, म्हातारी होस्तवर.”

जेवणं झाली. बोलणी एकाच मुद्द्यावर अडून राहिली, आणि त्या मुद्द्यावर दोन्ही बापांचं पहिल्यांदा एकमत झालं: पत्रिकेत आडनाव छापायचं नाही. कुणाचंच नाही. मग कुणी काही म्हणणार नाही.

पत्रिका सुबक झाली. ‘चि. मल्हार आणि चि. सौ. कां. अनिता’. त्याखाली गणपती, त्याखाली मुहूर्त. ६४० वाटल्या. त्यावर ६११ फोन आले. उरलेल्या २९ पैकी बाराजणांना पत्रिका पोचली नव्हती आणि सतराजण समक्ष आले.

पहिला फोन हौसरावांचा होता. “पत्रिका मिळाली, चेअरमन. पोरगं कुनाचं?” उत्तर ऐकल्यावर त्यांचा गुडघा दुखू लागला आणि त्या तारखेला येणं जमणार नाही असं त्यांनी कळवलं.

लग्न झालं. जे आले ते जेवले. पोपटराव रडले, आणि पदर सोजराबाईचाच होता. त्याच आठवड्यात, बुधवारी, बेचाळिसावा भाग आला: सरदाराने दार उघडलं. हौसरावांनी पाच तारे दिले आणि लिहिलं, “डोळं भरून आलं. आसा बाप पायजे.”

या टिपणात आडनावं का वगळली, ते आता सांगते. तो प्रयोगाचा दुसरा भाग होता. वाचकाने कोणत्या शब्दापाशी थांबून मनातल्या मनात ती भरून घेतली, एवढंच मला पाहायचं होतं. माझा अंदाज ‘म्हस्कूआबा’ या शब्दापाशी असा आहे. चौकस वाचकांनी ‘पोपटराव’पाशीच सुरुवात केली असेल. तुमचं उत्तर बहुधा बरोबर आहे. एडिथ आणि रोल्फ यांची आडनावं मात्र तुम्हीही विचारली नाहीत.