सावळाराम मास्तर सहावीत बसतात

सन एकोणीसशे छत्तीसच्या सहामाही परीक्षेत भोरच्या नीरातीर हायस्कुलातल्या इंग्रजी सहावीचे बावन्न विद्यार्थी अंकगणितात नापास झाले. वर्गाचा पट बावन्नचाच होता, त्यामुळे निकाल सांगताना यादी वाचायचे श्रम वाचले.

अंकगणिताचे शिक्षक सावळाराम मास्तर त्या दिवशी बाजारपेठेतून जरा ताठ मानेनेच घरी गेले. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांचं एक मत पक्कं झालं होतं: ज्या विषयात पोरं पास होतात तो विषय हलका, आणि ज्यात कोणीच पास होत नाही त्याचा शिक्षक विद्वान. पास व्हायला पस्तीस गुण लागत. सगळ्यांत जास्त गुण पडले होते ज्ञानूला, चौतीस. हा डोंगरातल्या पासली गावचा, भातशेती करणाऱ्या घरातला. पोरगा पुढे नाव काढील असं मास्तरांना वाटे, म्हणूनच त्यांनी त्याचा एक गुण समास वाकडा आला म्हणून कापला होता.

आठवडाभरात ज्ञानूचा बाप गेनबा डोंगर उतरून शाळेत आला. पटका काढून हातात घेऊन उभा राहिला.

"मास्तर, रागावू नगा. म्या अडानी मानूस. पर समद्याच पोरांला येत न्हाई म्हंजे, ह्ये गनित नक्की येतंया कुनाला?"

"मला येतं," मास्तर म्हणाले.

"व्हय, त्ये तर हायेच," गेनबा म्हणाला. "पर त्ये कुनी बगितलंया का?"

हे हेडमास्तरांनी दारातून ऐकलं. हेडमास्तरांना वरच्या कचेरीला पत्र लिहिण्याची फार हौस. त्यांनी हा प्रश्न जसाच्या तसा कळवला, आणि कचेरीचं उत्तर आलं: 'सदर प्रश्नपत्रिका सोडवण्याजोगी आहे किंवा कसे, याची खात्री ती काढणाऱ्या इसमाकडूनच, त्याच वर्गात, तितक्याच वेळात व योग्य देखरेखीखाली करून घ्यावी. अहवाल तीन प्रतींत पाठवावा.'

मास्तर हसत हसत परीक्षेला बसले. देखरेखीला चित्रकलेचे इब्राहीम मास्तर होते. दोघांची जुनी दोस्ती, पण इब्राहीम मास्तरांनी नियमाप्रमाणे त्यांचे खिसे तपासले, टोपी काढायला लावली, आणि मग पत्रिका हातात दिली. पहिलंच गणित हौदाचं. एक नळ हौद चार तासांत भरतो, दुसरा सहा तासांत, आणि खालचं भोक भरलेला हौद बारा तासांत रिकामा करतं. तिन्ही एकदम चालू केले तर हौद किती वेळात भरेल?

हे गणित मास्तर बावीस वर्षं घालत आले होते. त्याचं उत्तर, आधीच्या मास्तरांनी जाताना दिलेल्या वहीत, तीन तास असं होतं. ते तीन तास येतात कुठून, हे पाहायची वेळ मात्र कधी आली नव्हती. मास्तरांनी बेरीज करून पाहिली, तर हौद बावीस तासांत भरला. वजाबाकी केली तर भरेचना. घाम पुसता पुसता कागदावर शाईचा डाग पडला.

निकाल लागला. एकतीस गुण.

"सावळारामपंत, माफ करा," इब्राहीम मास्तर खाली बघत म्हणाले. "तुमच्याच नियमांनी तपासलंय. डागाचे दोन, खाडाखोडीचे तीन, समासाचा एक. ते तुम्ही घालून दिलेलेच आहेत."

"आणि हे कापले नसते तर?"

"सदतीस झाले असते. पण मग पोरांचेही कापता आले नसते."

कचेरीचं पुढचं पत्र थोडक्यात होतं. नापास इसमाने, तो कोणीही असो, त्याच वर्गात बसावे. शिकवण्याचे काम तूर्त त्रेपन्नांत सर्वाधिक गुण असलेल्याने पाहावे. हेडमास्तरांनी हिशेब केला, आणि शुक्रवारी ज्ञानू खडू घेऊन फळ्यापाशी उभा राहिला. सावळाराम मास्तर शेवटच्या बाकावर बसले, कारण पुढचे बाक भरलेले होते.

ज्ञानूने मास्तरांकडे पाहिलं. "मास्तर, तुमी... तुमी बसा की. म्हंजे, बसलायच म्हना," तो म्हणाला, आणि वर्ग फिदीफिदी हसला. मास्तरांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

शेजारी भोंगवलीचा भिमा होता. त्याने डेस्काखालून मूठभर भाजलेले शेंगदाणे पुढे केले.

"घ्या मास्तर. आनि झोप आली तर बिनघोर झोपा. म्या जागा हाय."

"वर्गात झोपता तुम्ही?"

"पाळीनं," भिमा म्हणाला. "तुमी शिकवायला लागला की यकानं जागं ऱ्हायाचं, बाकीच्यांनी पडायचं. तुमचं लक्ष फळ्याकडंच आसायचं. शुक्रवार माझा."

मास्तरांना आपले शुक्रवार आठवले. शुक्रवारी वर्ग किती शांत असतो, असं ते घरी कौतुकाने सांगत.

तिकडे ज्ञानूने हौदाला हात घातला. हौद त्याने उभ्या जन्मात पाहिला नव्हता, म्हणून त्याने फळ्यावर भाताचं खाचर काढलं. "धरा, खाचरात बारा घागरी पानी मावतंय. पैला पाट चार तासांत भरतो, म्हंजे तासाला तीन घागरी. दुसरा सहा तासांत, म्हंजे दोन. खेकड्यानं बांधाला भोक पाडलंय, त्यातनं तासाला यक जाती. मग ऱ्हातंय किती?"

"चार!" सगळा वर्ग ओरडला. त्यात एक आवाज घोगरा होता. सावळाराम मास्तर नकळत उभे राहिले होते, हात वर करून. "चार घागरी! आणि चार त्रिक बारा. तीन तास! अरे, तीनच तास!"

"बराबर मास्तर," ज्ञानू म्हणाला. "बसा."

मास्तर बसले. बावीस वर्षांनी हौद भरला होता, आणि त्यांना रडू येतंय की हसू, ते त्यांनाच कळेना.

पुढचे पाच महिने ते रोज पाढे म्हणत, टीपकागद विसरला म्हणून बोलणी खात, आणि मधल्या सुट्टीत भिमाशी विटीदांडू खेळत. कुणी आता पाळीने झोपत नव्हतं. वार्षिक परीक्षेची पत्रिका थेट कचेरीतून आली. त्रेपन्नच्या त्रेपन्न पास झाले. मास्तरांना एकाहत्तर गुण पडले, आणि त्यांच्या पत्नी चंद्राबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

आता तरी कचेरीने खूष व्हावं की नाही? पण तिथून आलेलं पत्र काळजीचं होतं. 'एकही विद्यार्थी नापास नाही, यावरून शाळेचा दर्जा किती खालावला आहे, हे उघड आहे.' चौकशी झाली. खुद्द शिकवणाराच मॅट्रिक झालेला नाही, हे त्यात उघडकीला आलं, आणि ज्ञानूला पुन्हा बाकावर बसवण्यात आलं. उलट सावळाराम मास्तर हे सहावीचं अंकगणित रीतसर पास झालेले शाळेतले एकमेव शिक्षक ठरले. त्यांना सन्मानाने जुन्या जागी नेमण्यात आलं.

नव्या वर्षी मास्तर घागरींवरून शिकवू लागले. सहामाहीच्या आधीच पालकांचं शिष्टमंडळ येऊन धडकलं. वकील, वैद्य, कारकून, दुकानदार, मिळून एकोणीस जण.

"मास्तर, असं ऐकतो की यंदाही सगळे पास होणार," वकील म्हणाले. "मग पास होण्याला अर्थ काय राहिला? आमच्या मुलाने काय सांगायचं चारचौघांत?"

"मग नापास किती करू?" मास्तरांनी नम्रपणे विचारलं.

थोडी कुजबुज झाली. "निदान निम्मे," वैद्य म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या.

"कोणते?"

मास्तरांनी प्रत्येकापुढे एकेक कोरा कागद ठेवला. "नावं लिहून द्या. म्हणजे माझ्या हातून अन्याय नको."

मंडळी ओणवी होऊन लिहू लागली. काहींनी हाताचा आडोसा केला. एकोणीस याद्या जमल्या. एकाही यादीत ती लिहिणाऱ्याचा मुलगा नव्हता.

मास्तरांनी याद्या वाचल्या आणि मान हलवली. माणसाचा स्वभाव कसा असतो पाहा, असं ते मनाशी म्हणाले. मग शिक्षक म्हणून आपलंही मत नोंदवलेलं बरं, म्हणून त्यांनी विसावा कागद ओढला आणि अगदी नि:पक्षपातीपणे तेवीस नावं लिहिली. त्यांचा धाकटा सोनबा यंदा त्याच वर्गात होता. त्याचं नाव काही त्यांना सुचलं नाही.

गठ्ठ्यात एकविसावा, कोरा कागद जास्तीचा आला होता. हेडमास्तर तो काढून टाकणार होते, पण मास्तर म्हणाले, "राहू द्या तसाच. ही हकीकत ऐकून हसणारं कोणीतरी असेलच, आणि त्याचाही पोरगा कुठल्या ना कुठल्या शाळेत असेल. त्याला लिहायला जागा नको का?"