फरशीचा खटला

अण्णाराव पेशकार घराबाहेर पडताना छत्री विसरायचे, चष्मा विसरायचे, एकदा तर जोडे विसरून अनवाणीच सेलूच्या स्टेशनापर्यंत जाऊन आले होते. पण बगलेतली फरशी ते कधी विसरले नाहीत.

फरशी म्हणजे खरोखरची फरशी. वीतभर लांब, वीतभर रुंद, चांगली अडीच शेर वजनाची. जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली. कुठं एखादा रंग नजरेत भरला की फडकं सुटायचं, फरशी त्या रंगाशेजारी धरली जायची आणि अण्णाराव मान तिरकी करून बघत राहायचे. भाजीबाजारात त्यांनी ती भोपळ्याला लावली. कापडाच्या दुकानात गठ्ठेच्या गठ्ठे उलगडायला लावून शेवटी, "कापड न्हाई घ्यायचं, फक्त रंगाची जबानी घ्यायची होती," असं दुकानदाराला शांतपणे सांगितलं. एका लग्नात तर वरबापाच्या फेट्याला फरशी टेकवून म्हणाले, "जरा हलू नका, पाव्हणे. तुमचा फेटा लय कामाचा दिसायलाय." मुलीकडचे कोणी काही बोलेनात. वरबापाला वाटलं, हा इकडचा रिवाज असेल. तो बिचारा अक्षता पडेपर्यंत ताठ बसून राहिला.

मी त्यांचा शेजारी. शाळेत मास्तर होतो. निजामाचं राज्य होतं, कचेऱ्यांचा कारभार उर्दूत चालायचा, आणि अण्णारावांची सारी नोकरी परभणीच्या मुन्सफ कोर्टात पुकारा करण्यात आणि कागद पुढं सरकवण्यात गेली होती. पेन्शन घेऊन ते सेलूला आले, पण कोर्ट काही त्यांच्या जिभेवरून उतरलं नाही. भाजीत मीठ कमी पडलं तर ते "सबूत अपुरं हाय" म्हणायचे. पावसानं ओढ दिली की "ढगांनी तारीख मागून घेतली."

बायको लवकर गेली होती. मूलबाळ नाही. घरात ते आणि त्यांची थोरली बहीण अक्का. अक्का अकराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली, ती साठीला येईपर्यंत पांढऱ्या लुगड्यात चुलीपाशीच होती. मी तीन वर्षं शेजारी राहत होतो, पण तिचा आवाज मी मोजून चार-पाच वेळा ऐकला असेल. पाव्हणे आले की ती आत. पाव्हणे गेले की ती भांड्यांत.

पेन्शनीत अण्णारावांनी नवं घर बांधलं. पुढच्या बैठकीत मुंबईची फरशी घालायची त्यांची हौस होती. राखाडी आणि पांढऱ्या चौकटींची, कोर्टासारखी. एका व्यापाऱ्यामार्फत माल मागवला. मालगाडीनं पेट्या आल्या, अंगणात फोडल्या, आणि बघायला जमलेली सगळी आळी एक पाऊल मागं सरली.

फरशीची जमीन शिजलेल्या वांग्याच्या रंगाची होती. तिच्यावर पोपटी वेल. वेलीला मधे मधे पिवळे गोळे. ती फुलं आहेत की लिंबं, यावर आळीत दोन तट पडले. कोण्या जमीनदाराचा माल बदलून आला होता हे उघड होतं. सगळ्यांनी सांगितलं, परत पाठवा. पण चौथ्या दिवशी बघतो तर गवंडी येऊन बसलाय आणि वांगी रंगाची बैठक अर्धी झालेली.

"अण्णाराव, हे काय?"

"बसवली," एवढंच ते म्हणाले.

तिथून खटला उभा राहिला. फरशी फिर्यादी, भिंत आरोपी. अण्णारावांच्या मते फरशीत खोट नव्हतीच. भिंतीनं तिला साथ द्यायला पाहिजे आणि ती देत नव्हती, हा भिंतीचा गुन्हा. रंगारी इमामभाई हा या खटल्यातला कारकून आणि मी गवाह. कधीही हाक यायची, "मास्तर, पेशी हाय! या!"

आधी साधा पांढरा चुना झाला. त्यात फरशी इतकी ओरडायला लागली की बैठकीत बोलणं ऐकू येईना असं वाटायचं. अण्णारावांनी निकाल दिला, "भिंत मुकी हाय. आरोपी बोलत न्हाई."

मग चुन्यात नीळ पडली. निळं आणि वांगी एकमेकांशेजारी आल्यावर खोलीला मुका मार बसल्यासारखं दिसायला लागलं. मग पिवडी. पिवळ्या भिंतींचा उजेड माणसांच्या तोंडावर पडायचा. त्या आठवड्यात जो आला त्याला अण्णारावांचा चेहरा बघून कावीळ वाटली. शेजारच्या वैद्यांनी न मागता काढ्याची पुडी पाठवली, आणि अण्णारावांनी ती "पुरावा" म्हणून कोनाड्यात ठेवली.

गेरूचा प्रकार सगळ्यांत वाईट. दोन्ही दारं उघडी, आत लालभडक भिंती. झरीहून बाजाराला आलेली एक म्हातारी सरळ पायरीवर आली, बाहेरूनच हात जोडले आणि नारळ ठेवून गेली. अण्णाराव नारळ घेऊन तिच्या मागं पळाले, "आजी, देव न्हाई इथं, मी राहतो!" म्हातारी म्हणाली, "असंना का. प्रसाद म्हणून खा."

शेवटी इमामभाईनं सगळं खरडून काढलं आणि समोरच्या भिंतीवर हाताएवढे चौदा ठिपके मारले, चौदा रंगांचे. "साहेब," तो हात जोडून म्हणाला, "ह्याच्याबाहेर अल्लानं रंग बनवला असंल तर मला म्हाईत न्हाई. तुमी ह्यातला एक बोला. मला मुलीच्या लग्नाला गावी जायाचंय."

अण्णाराव दहा दिवस त्या ठिपक्यांपुढं बसले. जेवण कमी झालं. पुटपुटायला लागले. मला खरोखरच काळजी वाटायला लागली. शेवटी मी स्वतःच खटपट केली. कापसाच्या जिनिंगच्या एका शेठजींना गुदामाच्या ओसरीला फरशी हवी होती. रंग कसाही चालणार होता. काढायची मजुरीही तेच देणार होते. मोठ्या खुशीत मी अण्णारावांकडं गेलो.

"अण्णाराव, सुटलात! फरशी उखडून टाकू. शेठजी उद्या माणसं पाठवतायत. तुम्ही तुमची राखाडी-पांढरी मागवा."

अण्णाराव एकदम उठले. आत डोकावून आले. अक्का मागच्या विहिरीवर गेली होती. तरी त्यांनी मधलं दार लोटून घेतलं.

"हळू बोला," ते म्हणाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या बोलण्यात कोर्ट नव्हतं. "मास्तर, पेट्या फोडल्या त्या दिवशी तुमी सगळे गेलात. मी परतीचं पत्र लिहायला बसलो. शाई संपली म्हणून उठलो, तर अक्का अंगणात पेटीपाशी बसलेली. एक फरशी मांडीवर घेतली होती. पदरानं पुसायली होती. मला बघून दचकली. म्हणाली, 'किती रंग हायत रे हिच्यात.' बस. एवढंच. लगेच फरशी ठेवली आणि आत गेली."

त्यांनी लोटलेल्या दाराकडं एकदा बघून घेतलं.

"पन्नास वर्षं होत आली. ह्या बाईनं कधी हे दे, ते आण, हे छान हाय, असं काही म्हणलं न्हाई. मी लहान होतो तवा वाटायचं, तिला काही लागतच न्हाई. पत्र फाडलं आणि गवंड्याला बोलावलं. आता फरशी तर बसली. पण आल्या-गेल्यानं नाक मुरडलं की ती आत ऐकती. म्हणून म्हणतो, भिंत अशी पाहिजे की फरशीला कुणी नाव ठेवू नये."

मी ठिपक्यांकडं बघत म्हणालो, "मग भिंतीचा रंग अक्कांनाच का विचारत नाही?"

"ती म्हणल, तुला आवडंल तो. आजवर तेच म्हणत आली."

"विचारून तर बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी पेशी भरली. इमामभाई, मी आणि अण्णाराव. अक्काला हाक मारली. ती उंबऱ्याच्या आतच उभी राहिली, ओले हात पदराला पुसत.

"अक्का, ह्या चौदांतला एक सांग."

"मला काय कळतंय रंगातलं? तुला आवडंल तो दे."

अण्णारावांनी माझ्याकडं बघितलं. मग टोपी काढून चक्क बहिणीपुढं वाकले. "हुजूर, आमी तिघं नालायक ठरलो. मामला आता तुमच्या इजलासात हाय. तुमी मुन्सफ. निकाल दिल्याबिगर आज चूल पेटणार न्हाई."

अक्का हसली. मी तिला हसताना पहिल्यांदाच बघत होतो. पुढचा एक दात पडलेला होता. ती उंबरा ओलांडून हळूच बाहेर आली, आणि एकेका ठिपक्यापुढं थांबत भिंतीच्या टोकापर्यंत गेली. परत आली. आणि एका ठिपक्यावर बोट ठेवलं.

गुलाबी. आम्ही तिघांनी पहिल्याच दिवशी एकमतानं बाद केलेला, यात्रेतल्या साखरेच्या खेळण्यांसारखा गुलाबी. इमामभाईनं डोळे मिटून घेतले.

"हा?" अण्णारावांनी विचारलं.

"न्हाई, चांगला नसंल तर..." अक्काचं बोट मागं यायला लागलं.

"निकाल झाला!" अण्णाराव एवढ्या मोठ्यानं ओरडले की रस्त्यावरचं कुत्रं पळालं. "अपील न्हाई! इमामभाई, कालवा चुना!"

खोली कशी दिसत होती ते मी सांगत नाही. वांगी, पोपटी, पिवळी आणि भोवती गुलाबी. पहिल्यांदा बघणारा माणूस दारात जरा तोल सावरायचा.

वास्तूच्या जेवणाला सगळी आळी आली. पुरुषांची पंगत माझ्या ओट्यावर बसणार होती. पानं मांडून झाली, वरण वाढलं, पण यजमानाचा पत्ता नाही. मी शोधायला गेलो. अण्णाराव स्वतःच्या घराबाहेर खिडकीजवळ भिंतीला पाठ लावून उभे होते. आत बैठकीत आळीतल्या बायका जमल्या होत्या. त्यांच्या मधोमध अक्का फरशीवर बसली होती, आणि समोरच्या नव्या सुनेला वेलीवरून बोट फिरवत काहीतरी सांगत होती.

"लिंबं न्हाईत गं. शेवंती हाय ती. बघ, हितून निघती, अशी वळती, आन तिकडं कोपऱ्यात जाऊन पुन्ना फुलती..."

"अण्णाराव, पान वाढलंय," मी म्हणालो. "सगळे खोळंबलेत. चला."

त्यांनी माझा हात धरला आणि मला गप्प केलं.

"थांबा, मास्तर," ते म्हणाले. "ती बोलायलीय."