म्हशीच्या कानातलं भ्या

आमच्या गावात बाईला दिवस गेले की देवापुढं नारळ नंतर फुटायचा. आधी गोदाआत्या तिला हाताला धरून आपल्या गोठ्यात न्यायची आणि म्हशीच्या कानात भ्या सांगायला लावायची.

खोटं नाही सांगत. देवळात नंदीच्या कानात आपण मागणं सांगतो की नाही, तसंच. "नंदीला मागनं सांगायचं, रंगीला भ्या सांगायचं," असं आत्याचं म्हणणं. "नंदी बिचारा दगडाचा. त्याला काय ठावं, पोट काय असतंय. माही रंगी किती डाव व्यालीय."

गाव आमचं जवळा बाजारच्या अलीकडं, गाडीवाटेचं. निजामाचा अंमल होता, दवाखाना लांब, आणि पोटुशी बाईच्या तोंडून वावगं काही निघू द्यायचं नाही ही घराघरातली रीत. डोहाळे विचारायला सगळ्या हजर. चिंच आणतील, कैरी आणतील. पण "मला भीती वाटते" म्हटलं की माझ्या सासूबाई तोंडावर हात ठेवायच्या. "अभद्र बोलू न्हाई, माय." मग ती भीती जाणार कुठं? बसायची तिथंच, लेकराला खेटून.

गोदाआत्या आमच्या शेजारची. ऐन तरुणपणी सासरहून परत आली ती भावाकडंच राहिली, म्हणून अख्ख्या गावाची आत्या. का परत आली ते कुणी विचारत नसे, ती सांगत नसे. अंगानं दणकट, आणि आवाज असा की हळू बोलली तरी तिसऱ्या घरी ऐकू जावं.

मी वसमतची, हळदीच्या पेठेत वाढलेली, त्यामुळं या खेड्यात आपणच काय त्या शहाण्या असं मला वाटायचं. पहिल्यांदा तिनं मला रंगीपुढं उभं केलं तेव्हा हसू आवरेना.

"हास. हासून घे. मंग सांग."

"मला काही भ्याबिया नाही, आत्या."

"बराबर. मंग काहून गं नखं खाऊन राहिलीस?"

एवढं बोलून ती गव्हाण झाडायच्या निमित्तानं म्हशीच्या पलीकडं गेली. तिथून सगळं ऐकायची. तिला वाटायचं कुणाला ठाऊक नाही, आणि ठाऊक सगळ्यांनाच होतं. मी रंगीचा कान धरला आणि पुटपुटले, "लेकराला सासूबाईंचं नाक आलं तर?"

पलीकडं खराटा थांबला. "त्याचं भ्या तर मलाबी हाय," आत्या म्हणाली.

झालं, मला चटकच लागली. रोज संध्याकाळी गोठा. कळा सोसतील का, इथपासून ते मालक वसमतला भेटायला येतील का, इथपर्यंत सगळं त्या म्हशीला माहीत. पाटलाच्या सुनेला म्हणे वेगळंच भ्या होतं. कळा आल्या की आपल्या तोंडून नवऱ्याला शिव्या निघतील असं तिला वाटायचं. आत्या पलीकडून म्हणाली होती, "निघू दे. त्याचाबी हिस्सा हाय त्यात." ही गोष्ट पाटलाची सून स्वतःच आम्हाला पाणवठ्यावर सांगायची.

एकदा मी मनातलं अगदी तळातलं बोलले. "रंगे, मला या लेकराची माया आलीच नाही तर? अजून तर काहीच वाटत नाही." बोलल्यावर माझी मलाच लाज वाटली.

"येती माया," पलीकडून आवाज आला. "वळख तर होऊ दे."

सातवा लागला. माहेरची गाडी दुसऱ्या दिवशी यायची होती. त्या सकाळी उठल्यापासून पोटात हालचाल नव्हती. भाकरी झाल्या, धुणं झालं, तरी नाही. सासूबाईंना सांगायची हिंमत होईना. दुपार कलली तशी मी गोठ्यात गेले, रंगीच्या कानाला लागले आणि म्हटलं, "लेकरू सकाळपासून हाललं नाही."

शेणाची पाटी दाणकन पडली. आत्या समोर आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "सकाळपून? आन आत्ता सांगून राहिलीस?" मला पुढं बोलू न देता ती शेणाच्या हातांनीच गल्लीतून धावत सुटली. "सुईनीला बलवा, लेकरू हालंना." घरात कुजबुजायचीही ज्याची चोरी, ते तिनं वेशीपर्यंत पोचवलं. सासूबाई "हळू बोल, माय" म्हणत मागं पळत होत्या.

सुईण आली. तिनं मला तिथंच कडब्यावर डाव्या कुशीला निजवलं, गूळपाणी पाजलं आणि पोटावर हात ठेवून बसली. दारात बाया जमल्या. या गोंधळात रंगीच्या धारेची वेळ टळून गेली होती. तिनं मान वर केली आणि अशी काही रेकली की पोटात सणसणीत लाथ बसली. मागोमाग दुसरी.

"झोपलं व्हतं लेकरू," सुईण म्हणाली. बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. सासूबाईसुद्धा हसल्या.

आत्या हसली नाही. ती दावणीपाशी खाली बसली आणि ढसाढसा रडायला लागली.

"माहं बी असंच हालायचं थांबलं व्हतं," ती म्हणाली. "मला समजलं व्हतं. पर अभद्र बोलायचं न्हाई म्हनून गप बसले. मंग सांगायला काही उरलंच न्हाई."

सासूबाई तिच्याजवळ जाऊन बसल्या.

मला वसमतला मुलगी झाली. नाक हुबेहूब सासूबाईंचं. बारसं तिकडंच झालं, नणंदेनं कानात नाव सांगितलं. सव्वा महिना फिटल्यावर गावी आले, तर साऱ्या बाया वेशीवर आणि गोदाआत्या तेवढी गोठ्यात. लेकरू गेलेल्या बाईची सावली तान्ह्यावर नको, असं तिचं तिनंच ठरवलेलं. मी तशीच आत गेले आणि पोरगी तिच्या मांडीवर ठेवली.

"नाव सांगा हिच्या कानात."

"बारसं झालं न्हवं?"

"ते वसमतला झालं. गावच्या आत्यानं सांगायचं राहिलंय."

तिनं सासूबाईंकडं पाहिलं. "सांग की," सासूबाई म्हणाल्या.

आत्यानं हात लुगड्याला पुसले, पुन्हा पुसले, आणि वाकली. बराच वेळ कानाशी पुटपुटत राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज आम्हाला ऐकू आला नाही.

"नाव येवढं लांब हाय का, आत्या?" मागून आलेल्या बायांतून कुणीतरी विचारलं.

"नाव सांगितलं," ती म्हणाली. "आन म्हनलं, भ्या वाटलं की सांगत जा, माय. रंगी नसली तर मी हाव."