उत्तमरावांची मोटारसायकल

उत्तमराव जगदाळे हेल्मेट घालून मोटारसायकल पुसतात. गाडी स्टँडवर उभी, इंजिन बंद, किल्ली घरात खुंटीला, आणि हा माणूस अंगणात डोक्यावर हेल्मेट चढवून, हनुवटीखालचा पट्टा आवळून, फडक्यानं टाकी पुसतोय. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, कुठं तरी निघालेत. दूध घेऊन परत आलो तरी ते तिथंच.

"निघायचं नाही का?" मी विचारलं.

"कुठं?" हेल्मेटच्या आतून आवाज आला.

"मग हे डोक्यावर?"

त्यांनी काच वर केली. "सर, हिचं वजन किती आहे माहितीय का? स्टँड सरकला आन् अंगावर आली म्हंजे? मशीन आहे ती. मशीनला माया नसती."

सातारा परिसरात, म्हणजे सातारा शहरात नव्हे, पैठण रोडकडच्या याच नावाच्या वस्तीत, आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. उत्तमराव यंदाच रिटायर झाले. उभी नोकरी शेंद्र्याच्या एका कारखान्यात, सुरक्षा विभागात. लोकांनी बोटं कुठं घालू नयेत, कुठं चढू नये, कुठून पडता येतं, हे सांगणाऱ्या पाट्या लावायचं त्यांचं काम. इतकी वर्षं दिवसभर भीतीचाच विचार केल्यावर ती संध्याकाळी कंपनीच्या बसमधून त्यांच्याबरोबर घरी येणारच. त्यांच्या जिन्यावर 'पायरी ओली असू शकते' अशी पाटी आहे. पंख्याच्या बरोब्बर खाली ते कधी बसत नाहीत. गुलमंडीत कापड घ्यायला गेले तर दुकानांच्या बोर्डांखालून न जाता रस्त्याच्या मधून चालतात, आणि मग मागून येणाऱ्या रिक्षांना घाबरतात. बायको आजारपणात गेल्यापासून घरात एकटेच. एक मुलगी, प्राजक्ता. ती परभणीला जनावरांच्या डॉक्टरकीचं शिकायला होती.

ही भीती लागट आहे. त्यांच्या शेजारी राहायला लागल्यापासून मीसुद्धा गॅसची नळी दोनदा बघतो. बायको म्हणते, "एक जगदाळे पुरे होते की गल्लीला."

असा माणूस एके दिवशी गिअरची नवीकोरी मोटारसायकल घेऊन आला. घेऊन आला म्हणजे शोरूमचा माणूस चालवत आला आणि हे मागून रिक्षानं आले. गाडीला हार घातला, कुंकू लावलं. चाकाखाली लिंबं ठेवायची वेळ आली तेव्हा यांनी हात आडवा धरला.

"लिंबावरून घसरली तर?"

"काका, सगळेच ठेवतात," शोरूमचा माणूस म्हणाला.

"सगळे पडत नायत, म्हणून मी पडणार नाय असं कुठंय?"

शेवटी लिंबं कापून चाकाच्या शेजारी ठेवली. दृष्ट लागायची ती बाजूनं निघून जावी, अशी व्यवस्था.

लायसन त्यांच्याकडं तरुणपणापासून होतं. भावाच्या गाडीवर गावाकडं थोडंफार शिकले होते, आणि न वापरलेलं ते लायसन मुदत संपायच्या आत न चुकता नवं करून घेत आले होते. रोज सकाळी ते गाडी बाहेर काढत. आधी गाडीभोवती फेरी, मग गाडीच्या खाली वाकून बघणं, मग पुस्तिका. पुस्तिकेतली 'इशारा' अशी ठळक अक्षरं असलेली पानं ते भिंतीपलीकडून मला मोठ्यानं वाचून दाखवत.

"ऐका सर. नवीन टायर गुळगुळीत असतात, सुरुवातीला जपून वळवावं. बघा, हे आता सांगतात. विकताना एक शब्द बोलले नायत."

पुस्तिकेत लिहिलं होतं की सुरुवातीला इंजिन दमानं चालवा. उत्तमरावांनी ते इतकं मनावर घेतलं की शाळेला निघालेल्या सायकलवाल्या पोरी त्यांना मागं टाकून जायच्या आणि वळून बघायच्या. दर सकाळी पंपावर हवा तपासणं. तिथला हवा भरणारा यांना बघून नळी आपणहून पुढं करायचा आणि म्हणायचा, "चाचा, कल ही तो देखी. हवा कहाँ जाती?" उत्तमराव म्हणायचे, "जायची असली तर विचारून जाती का?"

मग एक दिवस ते आमच्या दारात आले. "वहिनी, नेलपॉलिश आहे का? लाल असली तर लई बरं."

बायको माझ्याकडं बघायला लागली. मी उत्तमरावांकडं.

"नटबोल्टांना लावायचीय," ते म्हणाले. कारखान्यात तसंच करत असत म्हणे. आवळलेल्या नटावरून खालच्या पत्र्यापर्यंत एक सलग रेघ ओढायची. नट जरा जरी फिरला की रेघ तुटलेली दिसते. संध्याकाळपर्यंत गाडीच्या अंगावर बारीक लाल रेघा उमटल्या. दुसऱ्या दिवसापासून हेल्मेट घातलेला हा माणूस बॅटरी घेऊन एकेक रेघ तपासायला लागला. सायलेन्सरवर त्यांनी पाटीही चिकटवली: 'गरम. हात लावू नये.'

मला खरंच कळत नव्हतं. इतकी भीती वाटते तर घ्यायची कशाला? मी एकदा विचारलंही. त्यांनी चेनवरून टूथब्रश फिरवायचा थांबवला, "असू द्या सर," म्हणाले, आणि पुन्हा ब्रश फिरवायला लागले.

एका रविवारी त्यांनी कुंपणावरून हाक मारली. "सर, मोकळे आहात का? मागं बसायला पाहिजे कुणीतरी. एकट्याचं झालं, आता वजन टाकून बघायचंय."

"म्हणजे मी वजन?"

"तुमचं बरोबर आहे, म्हणून म्हणलं."

मला नाही म्हणता येत नाही, हा माझा दोष. त्यांनी सकाळीच गाडीची साग्रसंगीत सेवा केली होती. चेन रॉकेलनं धुतली होती, तिला सढळ हातानं तेल दिलं होतं. मला त्यांनी भावाचं जुनं हेल्मेट दिलं, स्वतः पट्टा आवळला. मग आम्ही पैठण रोडला लागलो.

तो प्रवास मी विसरणार नाही. उत्तमराव गाडी चालवताना गप्प बसत नाहीत. समोर दिसेल ती प्रत्येक भीती ते मोठ्यानं सांगतात. "ट्रक आला. येतोय. गेला. कुत्रं आहे डावीकडं. बघतंय. उठू नको बाबा. खडी आहे. उसाची ट्रॉली, एक मोळी लोंबतीय. सर, हलू नका." मी हलत नव्हतोच. मागची पट्टी मी इतकी घट्ट धरली होती की बोटांना मुंग्या आल्या. ट्रक शेजारून गेला की त्याच्या वाऱ्यानं गाडी कडेला ढकलल्यासारखी होई, आणि उत्तमरावांची पाठ लाकडासारखी ताठ होई. मला आयुष्यात पहिल्यांदा माझ्या गुडघ्यांची, कोपरांची, कवटीची एवढी जाणीव झाली. हे सगळं फुटण्यासारखं आहे, हे आजवर लक्षातच आलं नव्हतं.

पुढं रस्ता डावीकडं वळतो. उत्तमराव म्हणाले, "वळण आहे," आणि गाडी जराशी झुकवली. त्याच क्षणी मागचं चाक आमच्या खालून निघून गेलं. दुसरा शब्द नाही. चाक घसरलं, आकाश तिरकं झालं, आणि आम्ही दोघं आणि गाडी डाव्या अंगावर डांबरावरून खरडत गेलो.

मग मागून ब्रेक ऐकू आला. लांबलचक, किंचाळल्यासारखा. आमच्या मागं एसटी होती, हे मला माहीत नव्हतं. मी पडल्या पडल्या मान वळवली. लाल बस माझ्याकडं येत होती, आणि मला उठता येत नव्हतं, कारण पाय गाडीखाली होता. बस थांबली. तिच्या पुढच्या चाकातून जळक्या रबराचा वास येत होता, आणि तो वास मला अगदी जवळून येत होता.

ड्रायव्हरनं खिडकीतून अंग बाहेर काढलं. "ओ काका! मरायचं का? आन् आम्हाला पण घेऊन का?" बसमधली दोन-तीन माणसं उतरली, त्यांनी गाडी उचलली, माझा पाय सोडवला, आम्हाला कडेच्या बाभळीखाली बसवलं. कुणी पाणी दिलं. माझा गुडघा सोलला होता, उत्तमरावांचं कोपर रक्तानं भरलं होतं. क्लचची दांडी वाकली होती, इंडिकेटर फुटला होता. हाडं सगळी शाबूत होती. बस निघून गेली.

उत्तमराव कोपराकडं बघतच नव्हते. ते उठले, मागच्या चाकाशी उकिडवे बसले आणि टायरच्या डाव्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं. बोट काळं, तेलकट. चेनवरचं जास्तीचं तेल उडून टायरला लागलं होतं. सरळ रस्त्यावर ती कड जमिनीला टेकत नाही. वळताना टेकली.

"मीच केलं," ते म्हणाले. "जपायला गेलो, आन् मीच केलं." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "पण बरं झालं सर. आपण पडलो, बरं झालं."

माझं डोकं फिरलं. "बरं झालं? उत्तमराव, बस अंगावर आली होती! हौस असेल तर तुम्ही पडा, मला कशाला?"

"हौस नाय हो." ते खाली बसले. "ही गाडी प्राजक्ताची आहे."

मी गाडीकडं बघितलं.

"तिला नोकरी लागली. पैठणच्या पलीकडं, गोदाकाठच्या गावांत. रोज वस्त्यांवर जायचं, गायी-म्हशी बघायला, औषधाची पेटी घेऊन. स्कूटीचं चाक काळ्या चिखलात रुततं म्हणाली. मला गिअरचीच गाडी पाहिजे बाबा, म्हणाली." त्यांनी रुमाल कोपरावर दाबला. "मी म्हणलं, घेतो. पण आधी मी चालवणार. नवीन मशीनमधी काय खोट असंल ती सुरुवातीलाच निघती. निघायची असली तर माझ्याखाली निघू दे."

"तिला नको म्हणायचं होतं," मी म्हणालो. राग अजून गेला नव्हता.

"म्हणलो असतो तर ऐकलं असतं तिनं. त्याचीच भीती वाटली." ते रस्त्याकडं बघत होते. "तिच्या आईनं लई ऐकलं. एकदा धरण बघायचं म्हणायची. इथून किती लांब आहे जायकवाडी? मी म्हणायचो, पाण्याजवळ कशाला जायचं. यात्रा नको, गर्दी असती. डोंगर नको, दरी असती. ती बिचारी बरं म्हणायची. घरात सुखरूप ठेवली मी तिला. आन् घरातच गेली ती, अंथरुणात. कुठंच काय बघितलं नाय तिनं."

एक ट्रक धूळ उडवत गेला. त्यांनी तो मोजला नाही, त्याचं नावही घेतलं नाही.

जवळच्या ढाब्यावरून आम्ही धुण्याची पावडर आणि पाणी मागून आणलं. उत्तमरावांनी टायर घासून घासून धुतला, फडक्यानं कोरडा केला. वाकडी दांडी हातानं जमेल तेवढी सरळ केली. मग मला म्हणाले, "तुम्ही बसनं या सर. मी हळूहळू नेतो."

जायला हवं होतं खरं तर. समोरून रिकामी एसटी येतही होती. पण तो माणूस गाडीवर टांग टाकताना मला दिसला. पाय उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. मी मुकाट्यानं मागं जाऊन बसलो.

त्यानंतर दोन गोष्टी झाल्या. गाडी दुरुस्त झाली, आणि उत्तमरावांनी चेनला तेल द्यायची पद्धत बदलली. थोडं तेल, वर कोरडं फडकं, मग चाक हातानं फिरवून टायरच्या कडेला कागद लावून बघायचं. कागद स्वच्छ निघाला तरी दुसरा कागद. मी आता हसत नव्हतो. कधीमधी कागद मीच धरायचो.

पावसाळा संपता संपता प्राजक्ता आली. उंच, उन्हानं रापलेली, मोठ्यानं हसणारी मुलगी. तिनं गाडीभोवती फेरी मारली, सायलेन्सरवरची पाटी वाचली, लाल रेघा पाहिल्या.

"बाबा, हे काय? गाडीला गोवर आलाय का?"

उत्तमरावांनी तिला सगळं समजावलं. कुठला नट, कुठली रेघ, हवा किती, तेल कुठं द्यायचं आणि कुठं अजिबात नाही. ती "व्हय, व्हय" म्हणत राहिली, पण मधेच एकदा तिची नजर त्यांच्या कोपरावरच्या नव्या कातडीवर गेली. तिनं विचारलं नाही. नंतर तिनं सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं, आणि या वेळी खाली बसून नीट ऐकलं.

रुजू व्हायच्या दिवशी सकाळी सगळी गल्ली जमली. मागं बॅग बांधली, पेटी बांधली. उत्तमरावांनी दोन्ही दोऱ्या ओढून पाहिल्या. प्राजक्ता पाया पडली, आमच्याही पाया पडली. गाडीवर बसली, बटण दाबलं. इंजिन एका दमात सुरू झालं. तिनं गिअर टाकला, क्लच सोडला, गाडी जरा हलली आणि पुढं जाईना.

तिनं मागं वळून पाहिलं. "बाबा."

"काय?"

"हात सोडा ना."

उत्तमरावांनी खाली बघितलं. सीटमागची लोखंडी पट्टी त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. कधी धरली, ते त्यांनाही कळलं नसावं.

"हां, हां. सोडलं," ते म्हणाले. पण गाडी निघाली तसे ते पट्टी धरूनच तिच्याबरोबर चालायला लागले, मग जरा भरभर, मग पळायलाच लागले, चपला फटफटवत, तोल सांभाळत, आमच्या दारावरून, पुढच्या दारावरून. कोपऱ्यावर ती वळली, तेव्हा कुठं त्यांचे हात सुटले.