शालिक काकांच्या पाच लाइनी

वरठी स्टेशनाबाहेर शालिक काकांच्या सायकल स्टँडवर सायकल ठेवली की टोकन मिळायचं. परत नेताना मात्र टोकनासोबत इंग्रजीतलं एक वाक्यही द्यावं लागायचं.

वाक्य कुठलंही चालत नसे. त्यात 'चान्स' हवा, आणि तो किती वेळा मिळतो हे सांगणारा शब्दही हवा. "आय ऑफन गेट द चान्स टु..." नाहीतर "आय रेअरली गेट द चान्स टु..." पुढचं ज्याचं त्यानं भरायचं. व्याकरणात या शब्दाला क्रियाविशेषण म्हणतात. काका त्याला 'आधीचा शब्द' म्हणत. "चान्स सगळ्यायलेच भेटते गा बाबू," ते म्हणायचे, "त्याच्या आधीचा शब्द कोनता, थे पाहा लागते."

आणखी एक अट होती. वाक्य खरं हवं. एकदा मी घाईघाईत म्हणालो, "आय रेअरली गेट द चान्स टु स्टडी."

"काल दोन घंटे फलाटावर समोसे खाऊन राहिला होता. अभ्यास कराले कोन नाही म्हनत होतं? खोटं वाक्य. लाइनीच्या मागं हो."

मी मागं झालो. माझ्यापुढे कारखान्यातून रात्रपाळी करून आलेला एक फिटर होता. "आय हार्डली एव्हर गेट द चान्स टु स्लीप," तो जांभई देत म्हणाला. काकांनी त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि धावत जाऊन त्याची सायकल स्वतः आणून दिली. एका दूधवाल्याला काही सुचेना, तेव्हा तो घाबरून म्हणाला, "आय ऑफन गेट द चान्स टु मिक्स वॉटर." त्याची दोन गिऱ्हाइकं मागेच उभी होती. काका म्हणाले, "वाक्य एकदम बरोबर हाय," आणि त्याला सोडलं. गिऱ्हाइकांनी मात्र सोडलं नाही.

या नादाचं मूळ चाळीस वर्षं मागे होतं. बारावी झालेले काका करडी या आपल्या गावाहून एका कारखान्यात मुलाखतीला गेले होते. साहेबांनी इंग्रजीत विचारलं, यंत्रावर काम करायची संधी मिळाली आहे का? मामाच्या धानगिरणीवर ते अधूनमधून यंत्र चालवत असत. ते 'अधूनमधून' इंग्रजीत येईना. शेवटी म्हणाले, "नो चान्स." साहेबांनी फाइल मिटली.

"समटाइम्स म्हनाचं होतं बाबू. एकच शब्द." हे सांगताना ते हसायचे. मला हसू येत नसे.

त्यांचा सगळा स्टँडही याच शब्दांवर चाले. फलाटाच्या जाळीला लागून टिनाचं छप्पर, खाली सायकलींच्या पाच लाइनी, आणि प्रत्येक लाइनीवर रंगवलेली पत्र्याची पट्टी: ऑलवेज, ऑफन, समटाइम्स, रेअरली, हार्डली एव्हर. रोज चालणारी सायकल पहिल्या लाइनीत. चालणं कमी झालं की ती मागे सरके. एका हेडमास्तरांची सायकल त्यांच्या महिनाभराच्या रजेत चौथ्या लाइनीत गेली, तेव्हा ते भडकले. "मी रोजचा माणूस आहे!"

"तुमी रोजचे हा सर," काका हात जोडून म्हणाले, "पन चाक तं हाललं नाही ना."

सहावी, नेव्हरची लाइन का नाही, असं मी एकदा विचारलं होतं. "जागा कुठी हाय?" ते म्हणाले. जागा भरपूर होती.

रोज सकाळी पहिल्या गाडीच्या आधी साठीचे शालिक काका पुढे टोपली असलेली लाल लेडीज सायकल बाहेर काढत. गुडघे दोन्हीकडे फाकवून चौकापर्यंत एक चक्कर मारत. ऑटोवाले ओरडत, "काका, कॉलेजले चालले का?" काका घंटी वाजवून म्हणत, "हो गा, फर्स्ट इअर!" परत आल्यावर सायकल पुसून ऑलवेजच्या लाइनीत पहिल्या जागेवर लावत. आम्हाला वाटायचं, गुडघ्यांचा व्यायाम असेल.

माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. वडिलांची दोन एकर धानाची शेती होती. तीन वर्षं मी सहा किलोमीटर सायकल हाणून वरठीला यायचो आणि गाडीनं नागपूरला जायचो. म्हणजे तीन वर्षं रोज एक खरं वाक्य. अमरावतीला नोकरीच्या मुलाखतीत समोरच्या बाईंनी इंग्रजीत विचारलं, संगणकावर काम करायची संधी मिळाली का? माझ्या तोंडून न अडखळता निघालं, "हार्डली एव्हर, मॅडम. बट आय ऑलवेज लुक फॉर द चान्स." नोकरी लागली. पदवीच्या कागदावर विद्यापीठाचं नाव आहे, पण त्या दिवशी माझ्या तोंडून बोलले ते शालिक काका, असं मी आजही मानतो.

आणि तरी मी चौदा महिने तिकडे फिरकलो नाही. निघताना ठेवलेली सायकलही तिथंच राहिली.

धान कापणीला सुटी काढून आलो, तेव्हा गाडीतून उतरून सरळ मागच्या लाइनीत गेलो. हार्डली एव्हरमध्ये माझी सायकल नव्हती. रेअरलीतही नव्हती. भंगारात गेली असेल, असं वाटलं. ती सापडली समटाइम्सच्या लाइनीत. हवा भरलेली, चेनला तेल दिलेलं.

"वाक्य?" मागून आवाज आला.

मी म्हणालो, "आय नेव्हर गॉट द चान्स टु कम, काका."

"नेव्हरची लाइन आपल्याकडं नाही. अन् खोटं हाय. चान्स होता बाबू, तू आला नाही."

माझी मान खाली गेली. मग विचारलं, "पण ही इथं कशी? चौदा महिने चालली नाही ही."

"चालते ना. दर इतवारी मी एक चक्कर मारतो. काहून मागं जाऊ द्याची? पोरगं येईन कधी तं येईन."

तेव्हा कुठे माझी नजर पहिल्या लाइनीतल्या लाल सायकलीवर गेली.

"मग ती, काका?"

त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तिची घंटी पुसली. "सुनंदाची हाय. माही पोरगी. हैदराबादले नर्स हाय. पाच सालात दोनदा आली. डूटीच तशी हाय, तिले चान्स भेटत नाही." मग म्हणाले, "फोनवर म्हनते, बाबा, इकून टाका. म्या म्हनलं, रोज चालू हाय, कशी इकू? नियम तं सगळ्यायले सारखा ना? चाक हाललं नाही तं मागं लावा लागते. म्हनून हालवतो."

दुसऱ्यांच्या खोट्या वाक्यांना कधी माफी न देणाऱ्या या माणसानं आपल्या लेकीसाठीही नियम मोडला नव्हता. तो पाळण्यासाठी ते रोज पहाटे उठत होते. काकांनी माझी सायकल स्वतः बाहेर काढली. "घेऊन जाय. आज वाक्य राहू दे." असं आधी कधी झालं नव्हतं.

आठ दिवसांनी सकाळी परत निघालो. गाडी येऊन लागली होती. टोकन घेऊन धावत सुटलो, तर काका ओरडले, "अरे, कोनत्या लाइनीत लावू?"

"ऑफन, काका!"

"पुरं वाक्य बोल!"

"आय विल ऑफन गेट द चान्स टु कम!" फलाटावरचे लोक वळून बघू लागले.

गाडीच्या दारात उभं राहून मी जाळीपलीकडे पाहिलं. काकांनी माझी सायकल समटाइम्सच्याच लाइनीत लावली. नियम म्हणजे नियम. मग ते ऑफनच्या लाइनीकडे गेले आणि टोकाच्या दोन सायकली उचलून जरा बाजूला सरकवल्या. गाडी हलली तेव्हा तिथं एका सायकलीपुरती जागा मोकळी झाली होती.