गाडीने नाक वर केले

कोणतेही यंत्र बिघडले की त्याच्याजवळ शांतपणे उभे राहावे, कान द्यावा आणि रोग ओळखावा, ही विद्या मला अवगत आहे. तंत्रनिकेतनात आमचे कार्यशाळेचे सर म्हणत, "हा मुलगा यंत्राची नाडी पाहतो!" पुढे कारखान्यात माझे सारे आयुष्य नाडी पाहण्यातच गेले. माझे निदान चुकले असे कोणी म्हणून दाखवावे! (म्हणून दाखवणारी एकच व्यक्ती आहे. ती आतल्या खोलीत आहे. तेव्हा जरा हळू बोलू.)

निवृत्तीनंतर मी एक पिकअप घेतली. आत चौघांची सोय, मागे ऐसपैस हौदा. बायकोला घेऊन मनसोक्त हिंडायचे, हा एकमेव हेतू. उंचावरून हिला जग नीट दिसावे, म्हणून मी ती वीतभर उंचही करून घेतली. गाडी दारात आली तेव्हा सौभाग्यवती तिच्यापाशी गेली. दाराचा दांडा धरून थोडा वेळ उभी राहिली, आणि म्हणाली, "अहो, या गाडीत मला—"

"कळलं!" मी म्हणालो. "धक्के बसणार!"

"मी अजून बसलेच कुठे?"

"बसलीस की ते बसतील! कारणही सांगतो."

कारण खरोखरच शास्त्रशुद्ध होते. गाडी उंच केली की पुढच्या चाकांना चौकटीशी जोडणारे लोखंडी हात तिरके ओढले जातात. गॅरेजवाले त्यांना कंट्रोल आर्म म्हणतात. आपल्या वयात फडताळावरचा डबा काढताना खांद्याचे जे होते, तेच त्यांचे होते. यावर उपाय म्हणजे उंच गाड्यांसाठी खास घडवलेले वरचे आर्म. मी ते मागवले. लालभडक, चकचकीत! हिला दाखवले, तर म्हणाली, "छान आहेत. पण मी काय म्हणत होते—"

"रंगाची काळजी करू नकोस, उडत नाही!"

आता घाईचे कारण सांगतो. हिची थोरली बहीण, आक्का, रविवारी दुपारी मुलाकडे दूरदेशी निघाली होती. कायमची. आईमागे हिला आणि धाकट्या भावाला आक्कानेच वाढवले. निघण्यापूर्वी एक अख्खी सकाळ आक्कापाशी बसायचे, एवढीच हिची इच्छा होती.

"आपण बसने जाऊ," ही म्हणाली.

"दारात गाडी असताना बस? लोक काय म्हणतील!"

"लोक बसमध्ये असतील हो. त्यांना कुठे वेळ आहे?"

पण मी शब्द दिला. रविवारी सकाळी माझ्या गाडीने, तेही एक धक्का न बसता!

शनिवारी तोच धाकटा भाऊ, म्हणजे माझा मेहुणा, मदतीला आला. हा माणूस नळाची चकती बदलताना पाहायलासुद्धा पाय पसरून बसतो. मी गाडी जॅकवर चढवली, चौकटीखाली भक्कम घोड्या लावल्या, चाके काढली. जुना बॉल जॉइंट, म्हणजे आर्मचा चाकाकडचा सांधा, काही केल्या सुटेना. मी घण घातला. पुन्हा घातला. शेवटी तो असा धाडकन सुटला की मेहुणा चहासकट उडाला आणि शेजारच्या संगीत शिक्षिका हातातला तंबोरा घेऊनच गच्चीवर आल्या.

"काय पडलं हो?"

"काही नाही, बाई! सांधा निखळला!"

"अगंबाई, कोणाचा?"

पुढचा अर्धा तास हळद, लेप आणि हाडवैद्याचा पत्ता नाकारण्यात गेला.

नवे आर्म मात्र झकास बसले, चाकेही परत चढली. येथे माझ्या स्वभावाचा एक विशेष सांगायला हवा. सैल बोल्ट आणि उघडे दूध यांच्याकडे पाठ फिरवू नये, ही आमच्या सरांची शिकवण. मी बोल्ट लावतो तो लागलीच पूर्ण आवळतो, आणि वर पांढऱ्या रंगाची रेघ ओढतो. रेघ ओढली की विषय संपला.

"दाजी," मेहुणा म्हणाला, "चाकं अजून लोंबकळतायत. गाडी खाली उतरवून मग आवळायचं का?"

"सैल बोल्टवर गाडी उतरवू? अरे, सदरा घातल्यावर बटणं रस्त्यात जाऊन लावतोस का?"

त्याने पाय पुन्हा पसरले. मी रेघा ओढल्या.

वाचकहो, नियम मला ठाऊक होता! आर्मच्या मुळाशी बुश नावाची रबरी कडी असतात. गाडीचा भार चाकांवर आल्यानंतरच त्यांचे बोल्ट आवळायचे असतात. हा प्रश्न मला परीक्षेत आला होता आणि पूर्ण गुण मिळाले होते. परंतु परीक्षेत बोल्ट सैल दिसत नाही. डोळ्यांसमोर दिसला, की हात थांबत नाही.

गाडी जॅकवरून उतरवली. ती उतरलीच नाही! म्हणजे मागचा भाग शहाण्यासारखा खाली बसला, पण पुढचा वरच राहिला. लोंबकळत्या स्थितीत आवळलेले बुश आता गाडीला खाली येऊ देईनात. मानपानावरून रुसलेल्या विहिणीसारखी ती नाक वर करून उभी होती.

"दाजी, गाडी फुगली की हो!"

"नवीन आहे. बसेल हळूहळू," मी म्हणालो. आयुष्यात प्रथमच मी यंत्राविषयी जाणूनबुजून खोटे बोललो. पुन्हा सारे उकलायला अंगात त्राण नव्हते. चाकांची अलाइनमेंट, म्हणजे दोन्ही चाकांची तोंडे एका दिशेला करणे, तेही राहिले होते. ती वाटेत करून घेऊ, असे ठरवले.

रविवारी सकाळी ही तयार होऊन उभी राहिली. नवी चप्पल, हातात आक्कासाठी विणलेली शाल. हिने गाडीकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"अहो, ही आणखी उंच झाली?"

"किंचित."

मेहुण्याने स्वयंपाकघरातले स्टूल आणले. हिने पाय ठेवला, स्टुलाने पाय सोडला. मग घरातली शिडी आली. मी वरून हात धरला, मेहुण्याने शिडी धरली, शिक्षिकाबाईंनी गच्चीवरून सूचना धरल्या. "डावा पाय! डावा! नाही, तुमचा नव्हे, त्यांचा!" अखेर ही आत पोहोचली, तीही गुडघ्यांवर. शाल खाली पडली होती. ती झटकून मेहुणा मागे बसला.

मी गाडी सुरू केली. कोपऱ्यावर उजवीकडे वळवली. गाडीने ऐकून घेतले आणि डावीकडे गेली! पुढची दोन चाके भांडलेल्या नवराबायकोसारखी परस्परविरुद्ध दिशांना तोंडे करून चालत होती. मी स्टिअरिंगचे चक्र फिरवले, ब्रेक दाबला, आणि आम्ही अत्यंत सावकाश, सर्व शेजाऱ्यांना नीट दिसेल अशा गतीने, गटारात उतरलो.

"धक्का बसला का?" मी विचारले.

"नाही," ही म्हणाली. "बसणार नाही असं तुम्ही सांगितलंच होतंत."

पुन्हा शिडी. या चढउतारात निम्मी सकाळ सरली होती. तेवढ्यात शिक्षिकाबाई त्यांची बुटकी, जुनाट मोटार घेऊन आल्या. "चला हो, मी सोडते! उशीर होतोय तुम्हाला!" त्यांनी दार उघडले, आणि माझी बायको त्या गाडीत बसली. नुसती बसली. घरातल्या खुर्चीत बसावे तशी. शिडी नाही, स्टूल नाही, हात नाही. निदान झाले होते! पण रोगी निघून जात होता.

मेहुणा मागे तंबोऱ्याशेजारी मावला. मी गटारातल्या गाडीची राखण करीत रस्त्यावर उरलो.

संध्याकाळी ही परतली.

"भेट झाली?"

"झाली. दारातच. सामान गाडीत चढलं होतं. शाल दिली. तिनं तिथंच पांघरली." चप्पल काढत म्हणाली, "तुमची चौकशी करत होती. म्हटलं, कामात आहेत."

माझ्याने मान वर करवेना. "त्या दिवशी तू म्हणालीस, 'या गाडीत मला...' पुढं काय म्हणायचं होतं?"

तिने माझ्याकडे असे पाहिले, जणू घरातली भिंत बोलली. "चढता येत नाही, म्हणत होते. एक पायरी लावून घ्या. एवढंच."

पायरी मी लावली. बोल्ट सोडून, भार चाकांवर घेऊन पुन्हा आवळले. अलाइनमेंट केली. आता गाडी लोण्यातून सुरी जावी तशी चालते, आणि त्या पायरीवर हत्तीणसुद्धा निश्चिंतपणे पाय ठेवील. (हे वाक्य मी हिला वाचून दाखवलेले नाही.)

परवा ही पायरीवरून अलगद चढून माझ्या शेजारी बसली. मी किल्ली फिरवली. "कुठं जायचं?"

ती समोर पाहत राहिली. "जायचं होतं तिथं आता कोण आहे?"

मी किल्ली परत फिरवली. आम्ही अंगणातच बसून राहिलो. उंचावरून जग खरोखर नीट दिसते. शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडेसुद्धा.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "अहो, या गाडीत मला—"

'कळलं' अगदी जिभेच्या टोकावर आले होते. गिळले. वाट पाहिली. तीही वाट पाहत होती. बोलायला एवढी मोकळी जागा तिला कधी मिळालीच नव्हती.

"—गरम होतंय," ती म्हणाली.

मी मुकाट्याने किल्ली अर्धी फिरवून काचेचे बटण दाबले. काच कुरकुरली आणि निम्म्यावर येऊन अडकली. माझा हात आपोआप आसनाखालच्या हत्यारांच्या पेटीकडे गेला.

"असू द्या! असू द्या!" तिने माझे मनगट घट्ट धरले. "एवढी पुरे!"