सुतळीचं कोडं

"बांधा," मोठ्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

भारत खैरनारच्या हातात टोमॅटोची झाडं बांधायची सुतळी होती आणि समोर सातवीचा अख्खा वर्ग बसला होता. मुख्याध्यापिकेचे हात कसे बांधायचे, हे त्याला डी.एड.ला कोणी शिकवलं नव्हतं.

मोठ्या बाई म्हणजे सगुणाबाई पगार. मखमलाबाद रस्त्यावरच्या त्या शाळेत त्यांच्या चपलांचा आवाज आला की आधी शिक्षक गप्प व्हायचे आणि मग मुलं. भारत नांदगावचा. शिक्षणसेवक म्हणून लागला होता आणि येत्या जूनमध्ये त्याची मुदत संपत होती. त्याला कायम करायचं की नांदगावला परत पाठवायचं, हे बाईंच्या अहवालावर ठरणार होतं. बायको मनीषा रोज सकाळी डबा देताना एवढंच सांगायची, की आज बाईंच्या समोर फार येऊ नका.

पण त्या वर्षी 'खेळातून गणित' नावाचं परिपत्रक आलं आणि सगळ्यांत धाकटा म्हणून ते भारतच्या गळ्यात पडलं. त्याने ते मनापासून केलं. चिंचोके, काड्या, पुठ्ठ्याचे पट, काय काय वर्गात आणलं. भाजीच्या आणि फुलांच्या मळ्यांतून येणारी ती मुलं अपूर्णांक म्हटलं की खिडकीबाहेर बघायची, ती आता मधल्या सुट्टीतही जागची हलेनात. त्यांचं सगळ्यांत लाडकं कोडं सुतळीचं होतं. एका सुतळीची दोन टोकं एकाच्या दोन मनगटांना बांधायची. दुसऱ्याची सुतळी तिच्यात अडकवून तशीच त्याच्या मनगटांना बांधायची. मग गाठ न सोडता आणि सुतळी न कापता दोघांनी वेगळं व्हायचं.

आज तपासणीला विस्तार अधिकारी बोरस्ते साहेब येणार होते. त्याआधी बाईंना कोडं स्वतः पाहायचं होतं. भारत दोन मुलांना पुढे बोलवत होता, पण बाईंनी त्यांना खाली बसवलं. जे आपल्याला सुटत नाही ते साहेबांपुढे मांडायचं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

भारतने बाईंच्या मनगटांना सुतळी बांधली ती पूजेचा दोरा बांधावा तशी, अगदी सैल, हिरव्या बांगड्यांच्या मागे. त्याच्या मनगटांच्या गाठी मात्र बाईंनी मारल्या. सैल बांधलं की फसवाफसवी होते, म्हणत त्यांनी अशा आवळल्या की त्याची बोटं जांभळी पडली.

तिथेच घोटाळा झाला. हे कोडं सुटतं ते मनगटाच्या वेढ्याखालून. एकाच्या सुतळीचा मधला भाग दुसऱ्याच्या वेढ्याखालून सरकवायचा, हातावरून काढायचा, की झालं. पण भारतच्या वेढ्याखाली आता टाचणीही शिरली नसती. वाट होती ती फक्त बाईंच्या मनगटाशी, आणि तिथे जायचं तर बाईंचा हात हातात धरायला हवा होता. घरी मनीषाबरोबर सराव करताना ही अडचण कधी आली नव्हती.

त्याने लांबूनच, दोन बोटांच्या चिमटीत सुतळी धरून ती सरकवायचा प्रयत्न केला. पण ती भलत्याच बाजूने आत गेली. बाईंनी हात ओढला आणि होता तो गुंता दुप्पट झाला. आता दोघं समोरासमोर, वीतभर अंतरावर उभे होते.

"आता?" बाईंनी विचारलं.

भारतला काही आठवेना. मनगटाकडून की बोटांकडून, वरून की खालून, डोक्यात नुसता धूर झाला होता. पहिल्या बाकावरच्या निकिताने हळूच विचारलं, मी सांगू का. बाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, सर सांगतील.

शिपाई बहिरू दारात उभा राहून सगळं बघत होता. "बाई, इळा आणू का? मागंच हाय, गवत कापायचा. एक झटका दिला का काम झालं."

"नको," बाई म्हणाल्या. "आज मी सुतळी कापली, तर उद्या ही पोरं गणिताचं पुस्तक कापतील."

भारतला मनातून वाटत होतं, विळा येऊ दे. कोडं नाही तर निदान आपण तरी सुटू. तेवढ्यात फाटकाशी जीपचा आवाज झाला. साहेब दुपारी यायचे होते, ते सकाळीच आले होते.

आता मात्र बाईंनी बहिरूला विळा आणायला पिटाळलं. पण साहेब तोवर पायऱ्या चढत होते आणि विळा हातात घेऊन धावत सुटलेला बहिरू त्यांना कोपऱ्यावर समोरासमोर आला. साहेब भिंतीला चिकटले. बहिरूने घाबरून विळा कुंपणापलीकडे कोथिंबिरीच्या वाफ्यात फेकला आणि साहेबांना नमस्कार घातला.

बाईंनी खांद्यावरची शाल ओढून चारी हातांवर टाकली आणि त्या दाराकडे चालू लागल्या. त्या सरळ चालत होत्या, म्हणून भारत दाराकडे पाठ करून, उलटा. उंबऱ्याला अडखळून तो पडणार, तोच बाईंनी त्याला सुतळीनेच ताठ उभं केलं. नोकरी आज संध्याकाळपर्यंतही टिकत नाही, याची त्याला खात्री पटली.

साहेबांचा चेहरा आधीच विळा पाहून पांढरा पडला होता. बाईंनी नमस्काराला हात जोडले, त्यासरशी शालीखालून भारतचे हातही वर उडाले. स्वागतासाठी आणलेला गुलाबाचा हार घालताना तर चार हात साहेबांच्या मानेभोवती गेले आणि साहेबांची टोपी भारतच्या कोपराने खाली पडली. ती उचलायला भारत वाकला तशा बाईही वाकल्या. शाल घसरली. साहेबांनी सुतळीकडे पाहिलं, मग भारतकडे, मग बाईंकडे.

"हा काय प्रकार आहे, पगार बाई?"

"गणित चालू आहे, साहेब. आत या."

आत जाऊन काय दाखवायचं होतं? साहेब खुर्चीत बसले, पेन काढलं आणि त्यांनी शाळेला प्रयोगाचं साहित्य धड हाताळता येत नसल्याचं कोरड्या आवाजात बोलून दाखवलं. बाई मात्र साहेबांचं ऐकतच नव्हत्या. त्या मान तिरपी करून आपल्या मनगटाकडे बघत होत्या, सुतळी थोडी उचलत होत्या, पुन्हा ठेवत होत्या. त्यांचे ओठ हलत होते.

"खैरनार," त्या एकदम म्हणाल्या, "आधी आपण एकदा चुकीच्या बाजूने गेलो. ते उलट करू. मग माझ्या बांगड्यांखाली वाट आहे, बरोबर?"

भारतने मान हलवली. बाईंनी त्याची सुतळी धरली, आधीचा पीळ काढला, वेढ्याखालून ती सरकवली, पंजावरून ओढली आणि दोघं वेगळे झाले. वर्गाने टाळ्या वाजवल्या. मोठ्या बाई हसल्या. त्यांना हसताना भारत पहिल्यांदाच बघत होता, आणि का कोण जाणे, तो अधिकच घाबरला.

साहेब पुढे सरकून बसले होते. ते म्हणाले, यात विशेष काही नाही, नीट विचार केला तर कुणालाही जमेल.

"मग बघा ना करून," बाई म्हणाल्या.

साहेबांनी बाह्या वर केल्या. बाईंनी आपल्या हातची सुतळी तशीच ठेवली, दुसरी तिच्यात अडकवून साहेबांच्या मनगटांना बांधली. गाठी त्यांनी स्वतः मारल्या. साहेबांनी खाली वाकून पाहिलं, हात डोक्यावरून घेतले, एक पाय सुतळीवरून टाकला आणि तो परत कसा काढायचा याचा विचार करत काही वेळ एका पायावर उभे राहिले. शेवटी ते घामाघूम होऊन म्हणाले, आता सोडवा.

"सावकाश, साहेब. विचार करायला वेळ द्यावा लागतो. तोवर शाळा बघून घेऊ," बाई म्हणाल्या आणि चालू लागल्या. साहेबांना जावंच लागलं.

दर वर्षीची तपासणी ऑफिसात, चहा-बिस्किटांवर व्हायची. कुठलेही साहेब त्या खोलीच्या पुढे गेल्याचं भारतने ऐकलं नव्हतं. आज बोरस्ते साहेब आठवीच्या गळक्या छपराखाली उभे राहिले. पाण्याच्या कोरड्या टाकीत त्यांनी डोकावून पाहिलं. मोडक्या बाकावर त्यांना बसवून पाहण्यात आलं. बाई कुठेही आवाज चढवत नव्हत्या. फक्त वळायचं तिकडे वळत होत्या, आणि प्रत्येक ठिकाणी साहेबांकडून, हो, हे करून देतो, एवढं ऐकून घेत होत्या. मागून चालणाऱ्या भारतला त्यांनी ते सगळं नीट ऐकून ठेवायला सांगितलं.

एका वळणावर बाई बहिरूशी बोलायला थांबल्या. साहेब भारतच्या कानाशी आले.

"खैरनार, तुम्हाला येतं ना हे? लवकर सांगा. तुमच्या कायम होण्याचं मी बघतो."

साहेबांचा शब्द म्हणजे सोन्याचा. नांदगावची वाट कायमची बंद झाली असती. त्याने मान वर केली. बाईंनी बहिरूशी बोलता बोलता, मान न वळवता, फक्त नजर त्याच्याकडे वळवली होती.

दोन भीतींपैकी मोठी कोणती, हे ठरवायला भारतला क्षणभरही लागला नाही.

"मला अजून येत नाही, साहेब," तो म्हणाला.

बाईंनी हलकेच सुतळी ओढली. "चला, साहेब. आता मुलींच्या संडासाकडे जाऊ. त्याला दार नाही, तेवढं बघून घ्या."